सरांचा मेल उघडत नाही

आमच्या संस्थेच्या ऑफिसात दोन सर्व्हर आहेत. कागदावर त्यांची नावं लांबलचक आहेत, पण सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात. हे बारसं मी नोकरीला लागायच्या आधीच झालेलं होतं. दोघं एकाच कपाटात वर-खाली राहतात, एकाच एसीची हवा खातात आणि दोघांच्या मागे साठा एकच असतो. संस्थेच्या सगळ्या शाळांचे मेल त्या साठ्यात. रोजचं काम थोरला करतो. तो पडला तर धाकट्यानं गुपचूप पुढं व्हायचं आणि मेल उघडणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. या दोघांना सांभाळणं ही माझी नोकरी.

मी मूळची पिंपरी पेंढारची. दिली पेठला आणि नोकरी करते घोडेगावला. सकाळी स्कूटीवर अवसरीचा घाट उतरायचा, मंचरला डावीकडे वळायचं आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोक्यात आदल्या दिवसाच्या तक्रारी घोळवत राहायच्या. आमच्या माहेरची माणसं तोंडानं फटकळ. वडील म्हणायचे, हिला जरा लांबच द्या, जवळ टिकायची नाही. नवरा म्हणतो, तुला माणूस बिघडला की बंद करून पुन्हा चालू करावासा वाटतो. तो हसून म्हणतो. मीही इतकी वर्षं हसतच होते.

मी आले तेव्हा संस्थेत पासवर्ड म्हणजे सार्वजनिक नळ होता. मुख्याध्यापकांचा मेल क्लार्क उघडायचा, क्लार्कचा शिपाई उघडायचा. एका शाळेत तर संगणकाच्या खोलीतल्या फळ्यावर सुविचाराखाली पासवर्ड खडूनं लिहिलेला होता, आणि सुविचार रोज बदलायचा तरी पासवर्ड तोच. मी हे सगळं बंद केलं. ज्याचं खातं त्यानंच उघडायचं आणि आपल्याच शाळेच्या संगणकावरून उघडायचं, असा नियम सर्व्हरवर बसवला. शाळाशाळांमधून फिरून सगळ्यांना तो ऐकवला. दुसऱ्याचा मेल उघडणारा सापडला तर सचिवांपर्यंत नेईन, असंही म्हणाले. माझा धाक बसला, आणि खरं सांगते, मला तो आवडला.

आमच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर एक बाई आहेत. त्यांना सगळे वहिनी म्हणतात, कारण त्यांचे यजमान संस्थेच्या डोंगरातल्या शाळेचे मुख्याध्यापक आणि सगळ्यांचे सर. शाळा धरणाच्या पलीकडे. त्यामुळे सर आठवडाभर तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचे आणि शनिवारी घोडेगावला घरी यायचे. वहिनी सकाळी आल्या की पदर खोचून संगणकासमोर बसायच्या, डाव्या हातानं फोन कानाला लावायच्या आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहायच्या. समोरून सर. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी नव्या नवरीसारखं कुजबुजणं काही संपत नाही, म्हणून आम्ही त्यांना छळायचो. "वहिनी, आज काय जेवले सर?" असं मी मुद्दाम मोठ्यानं विचारायचे. त्या लाजून हसायच्या आणि खुर्ची जरा भिंतीकडे वळवायच्या.

त्या वर्षी मार्चमध्ये लायटीचं काहीतरी बिनसलं. लाइट कधी वाढायची, कधी बसायची, आणि एका सकाळी थोरल्यानं मान टाकली. धाकट्यानं ठरल्याप्रमाणे काम उचललं. मी खूश झाले. सचिवांना जाऊन सांगितलंसुद्धा, की बघा, कुणाला कळलंसुद्धा नाही. जागेवर येऊन बसते तोच फोन सुरू झाले.

गंमत अशी की बहुतेकांचं नीट चालू होतं. अडलेले होते थोडेच, आणि त्यांच्या तक्रारीला शेंडा-बुडखा नव्हता. पेठच्या शाळेतल्या क्लार्कचा फोन आला, मेल उघडत नाही, 'परवानगी नाही' असं येतंय. मी विचारलं, कुणाचा मेल? तो गडबडला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम, आता झाला वाटतं चालू." आणखी एकीनं असाच फोन केला आणि असाच गुंडाळला. मी आपली थोरल्याच्या मागे. त्याचा पुण्याहून यायचा भाग आला नव्हता. अडलेली माणसं आपोआप गप्प होतायत याचा अर्थ अडचण आपोआप सुटतेय, असा मी सोयीचा अर्थ लावला.

सर मात्र गप्प झाले नाहीत. त्यांचा फोन रोज सकाळी यायचा.

"मॅडम, माझा मेल उघडंना."

"सर, मी इथून बघितलं. तुमचं खातं चालू आहे."

"नाय ओ, बंद हाय."

"बरं, संगणकासमोर बसा आणि स्क्रीनवर काय दिसतंय ते मला वाचून दाखवा."

मग ते थांबायचे. "लाल अक्षरात कायतरी आलंय," म्हणायचे. आमच्या मेलमध्ये लाल अक्षरात काही येतच नाही. कधी म्हणायचे वर्गावर जायचंय, कधी म्हणायचे रेंज जातेय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आवाज अगदी नम्र. मुख्याध्यापक माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा, आणि 'बघा ना मॅडम जरा' म्हणताना त्यांच्या आवाजात जी काकुळती होती, तिचा मला रागच यायचा. काम कळत नसलं की माणसं अशी बोलतात, असं मला वाटायचं.

त्याच दिवसांत वहिनी दोनदा माझ्या खोलीच्या दाराशी आल्या होत्या. एकदा चहा घेऊन आल्या. "थोरला कदी येनार गं परत?" म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हाला काय अडलंय वहिनी? तुमचं तर चालू आहे." "माझं चालू हाय की," म्हणून त्या निघून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा बोलल्याच नाहीत. मी फोनवर कुणाला तरी झापत होते. ते ऐकलं आणि मागच्या मागे फिरल्या.

शेवटी मी सर्व्हरची नोंद उघडली. कोण कधी आत आलं आणि कुणाला दारातून परत पाठवलं, हे सगळं तिथं उमटत असतं. सरांचं नाव शोधलं. त्यांना धाकट्यानं एकदाही नाकारलेलं नव्हतं. पण त्याहून चमत्कारिक गोष्ट दिसली. सर शाळेच्या संगणकावरून स्वतःच्या खात्यात वर्षभरात आलेलेच नव्हते. आणि तरी थोरला पडेपर्यंत त्यांच्या मेलना रोज उत्तरं जात होती, शुद्ध, मुद्देसूद, ऑफिसात नमुना म्हणून दाखवावीत अशी.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे सर मेल उघडतच नाहीत, दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतात आणि वर रोज मला फोन करतात. माझ्या नियमाला वर्षभर तोंडघशी पाडलं, याचा राग जास्त होता. त्यात नेमकं सचिवांनी बोलावून विचारलं, की दहावीच्या गुणांबद्दल डोंगरातल्या शाळेचं उत्तर का नाही? मुख्याध्यापक झोपलेत का? मी म्हटलं, उद्या मी स्वतः जाते आणि लावते छडा.

घोडेगावातून सकाळची एसटी धरली. धरणाच्या कडेकडेनं गाडी वर चढत होती आणि दारोदारी अंगणात हिरडा वाळत घातला होता. आजूबाजूला बायका हिरड्याच्या भावाबद्दल बोलत होत्या. मी मनात भाषण जुळवत होते. 'सर, नियम सगळ्यांना सारखा असतो,' इथून सुरू होणारं.

शाळेत पोचले तर सर व्हरांड्यात उभे होते. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. मी पायरी चढत असतानाच म्हणाले, "या मॅडम. गाडी लवकर आली आज." मला हे आठवतं कारण पुढं मी यावर पुष्कळ विचार केला. मी काही बोलले नव्हते. पण फाटकातून नवीन माणूस येतोय, चप्पल शहरी आहे आणि चालणारी तणतणत येतेय, एवढं त्यांना पुरलं असणार.

स्टाफरूममध्ये सगळे शिक्षक होते. मधली सुट्टी संपली होती, तरी कुणी वर्गावर गेलं नव्हतं. सर म्हणाले, आधी चहा. मी म्हटलं, आधी मेल. विज्ञानाच्या बाई पटकन उठल्या. "मॅडम, मी बसते ना संगणकावर, सरांना आत्ताच पंचायत समितीचा फोन यायचाय." मी म्हटलं, "नाही. ज्याचं खातं त्यानंच." गणिताचे सर म्हणाले, संगणकच सकाळपासून रुसलाय. मी जाऊन बटण दाबलं आणि तो सुरू झाला. मग शिपायानं काय करावं? त्यानं सरळ जाऊन घंटा दिली. तास संपायला अजून वेळ होता. पोरं भांबावून वर्गाबाहेर आली आणि पुन्हा आत पिटाळली गेली. इतक्या वेळा माझी वाट अडवली गेली, की कुणीही समजायला हवं होतं की इथं माणसं काहीतरी पाठीशी घालतायत. मला एवढंच समजलं की सगळे मिळून मला बनवतायत.

"सर, बसा," मी म्हटलं.

सर बसले. खुर्ची त्यांनी हातानं चाचपली आणि मगच बसले. मी समोरच होते, तरी पाहिलं नाही. मी म्हटलं, पासवर्ड टाका. त्यांची बोटं कीबोर्डवर आली आणि न अडखळता चालली. जुने टायपिंगची परीक्षा दिलेले लोक असे टाइप करतात, समोर बघत, बोटांकडे न बघता. मेल उघडला. समोर टपालाची रांग लागली, कितीतरी दिवसांची, न वाचलेली, सगळी ठळक अक्षरात.

आता हे इथं थांबवता आलं असतं. मेल उघडतो हे सिद्ध झालं होतं. मी 'सर, जरा बाहेर येता का' म्हटलं असतं, व्हरांड्यात दोघंच बोललो असतो. पण मला सगळ्यांसमोर जिंकायचं होतं.

"उघडला ना?" मी म्हटलं. "मग बंद कसला? पहिलाच मेल वाचा बघू मोठ्यानं."

सरांनी मान थोडी तिरकी केली, जणू खिडकीतून कुणी हाक मारली असावी. मग घसा खाकरून म्हणाले, "सचिवसाहेबांचा हाय. दहावीच्या गुणांबद्दल. तातडीनं कळवावे, असं म्हनतात."

पहिला मेल बोअरवेलवाल्यांच्या जाहिरातीचा होता. सवलतीत बोअर पाडून मिळेल. सोबत पाण्याच्या कारंज्याचं एवढं मोठं चित्र.

मी स्क्रीनकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि तोंडातून गेलं, "सर, तुम्हाला दिसत नाही?"

ते मी ओरडून म्हटलं नव्हतं. उलट माझा आवाज इतका साधा निघाला की तेच वाईट झालं. विज्ञानाच्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला अजून बोचते. गणिताच्या सरांनी वह्यांचा गठ्ठा उचलला आणि ते वर्गावर गेले. एकेक करून सगळे गेले. सर उठले, आणि मी पाहुणी असल्यासारखं मला म्हणाले, "चहा आता घ्याल ना?"

परतीच्या गाडीपर्यंत ते मला सोडायला आले. वाट त्यांची पाठ होती. मला ठेच लागली, त्यांना नाही. चालताना स्वतःच बोलू लागले.

"कडंनं दिसतं मला मॅडम. मधलं न्हाय दिसत. तुमच्या कानातलं दिसतंय, तोंड न्हाय दिसत. डाक्टर म्हनले हे असंच जानार. शिकवताना मला कधी पुस्तक लागलं न्हाय, पोरं मी चालीवरनं वळखतो. अडायचं ते ह्या कागदांपाशी. ते ही बघायची." ही म्हणजे वहिनी. "सकाळी ती वाचायची, मी सांगायचो, ती लिवायची. तुमच्या आधी जो पोरगा व्हता, त्यानं तिच्या मेलमधी माझा मेल दिसंल अशी सोय करून दिलती. तुमी नियम केला तवा वाटलं आता गेलं. पन ती सोय चालू ऱ्हायली. मग तुमचा थोरला पडला."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" विचारतानाच उत्तर माहीत होतं. शाळाशाळांमधून फिरून सचिवांची धमकी कोण देऊन आलं होतं?

"एक वरीस ऱ्हायलंय," ते म्हणाले. "पुढच्या मे महिन्यात नोकरीतनं सुटतोय. तेवढं निघालं असतं."

एवढंच मागणं होतं. शेवटचं वर्ष खुर्चीत, आपल्या शाळेत, मान ताठ ठेवून. मी गाडीत बसले. हात वर करून ते उभे राहिले. गाडीच्या आवाजाच्या दिशेनं त्यांचा हात जरा पुढं गेला होता.

दुपारी ऑफिसात येऊन मी पुन्हा तीच नोंद उघडली. या वेळी सरांचं नाव शोधलं नाही. नकार कुणाला मिळाले ते शोधलं. वहिनी. रोज सकाळी, ऑफिस उघडल्या उघडल्या, वहिनी. खाली पेठचा क्लार्क, आणखी दोघं-तिघं, जे जे फोनवर गप्प झाले होते ते सगळे. बिघाड इतका साधा होता की हसू यावं. कुणी कुणाचा मेल बघू शकतो, या परवानग्या त्या आधीच्या मुलानं फक्त थोरल्यावर हातानं भरल्या होत्या. धाकट्याला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. म्हणून जो आपला मेल उघडत होता त्याला धाकटा आत घेत होता आणि जो दुसऱ्यासाठी उघडत होता त्याला परत पाठवत होता. मी पहिल्याच दिवशी 'कुणाला नाकारलं' एवढं विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मी माणसांना आधीच इतकं भ्यायला लावलं होतं की खरी तक्रार माझ्यापर्यंत पोचलीच नाही. बिघाड शोधणाऱ्या माणसाला बिघाड सांगायची कुणाची छाती होऊ नये, याहून वाईट नोकरी कशी करायची?

मी परवानग्या धाकट्यावर भरल्या. माझाच नियम मोडून भरल्या. सचिवांना लिहून दिलं, की दोन सर्व्हरवरच्या नोंदी जुळत नव्हत्या, त्या दुरुस्त केल्या, मुख्याध्यापकांचा काही दोष नाही. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला वाटलं, निभावलं. संध्याकाळी वहिनींच्या टेबलाशी जाऊन हळूच म्हटलं, "वहिनी, उघडेल आता." त्यांनी मान हलवली. शाळेतलं सगळं त्यांना फोनवर कळलेलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

घरी आले तर सासूबाईंनी नेहमीप्रमाणे मोबाइल पुढं केला. "बघ गं, काय आलंय." हे रोजचं आहे. त्यांचे मेसेज मी वाचते, बँकेचे आकडे मी टाकते, भावाला काय लिहायचं ते त्या सांगतात आणि मी लिहिते. आमच्याकडे प्रत्येक घरात असं एक माणूस असतं जे दुसऱ्याचं वाचतं, आणि त्यात लाजण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. रोज संध्याकाळी मी वहिनी होते. तरी ऑफिसातल्या वहिनी मला ओळखू आल्या नाहीत. त्या दिवशी मी सासूबाईंचा मेसेज वाचता वाचता रडले. त्यांना वाटलं माहेरची काही वाईट बातमी आहे.

मग आठवड्याभरात सचिव जाता जाता म्हणाले, डोंगरातल्या सरांनी सुटायचा अर्ज पाठवलाय, मुदतीआधीच. अर्ज मेलनं आला होता. मी नोंद पाहिली. परवानगी परत मिळाल्यानंतर वहिनींच्या हातून त्या खात्यातून गेलेला तो पहिला मेल होता.

मी विज्ञानाच्या बाईंना फोन केला. वाटलं होतं त्या फोन ठेवतील. त्या बोलल्या, पण तुटक. "मॅडम, आमाला सगळ्यांना ठाव व्हतं. पोरांनासुद्धा. सरांनाबी ठाव व्हतं की आमाला ठाव हाय. पन बोललं कुनी न्हवतं. तुमी बोलल्या."

मी म्हटलं, "मी कुणालाही सांगणार नाही."

"आता काय सांगायचं ऱ्हायलंय?" त्या म्हणाल्या. "त्यांनी सगळ्यांसमोर ती बोअरवेलची जाहिरात सचिवांचा मेल म्हनून वाचली ना मॅडम. त्या खोलीत पुन्हा जाऊन कसं बसायचं त्यांनी?"

मी गप्प बसले नाही. माझा स्वभावच नाही तो. चौकशी केली. नोकरीत असताना नजर गेली तर माणसाला काढता येत नाही, सोय करून द्यावी लागते, हे मला कळलं. एका शनिवारी सरांच्या घरी गेले आणि तावातावानं सगळं सांगितलं. अर्ज मागं घ्या, मी सचिवांशी भांडते, असं म्हणाले. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वहिनी आतून सुपारीची डबी घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"तुमचं बरोबर हाय मॅडम," सर म्हणाले. "तसं करता आलं असतं. आदीच करायला पायजे व्हतं, ते आमचंबी चुकलं. पन आता मन न्हाय." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "तुमी तुमचं काम केलं. थोरला झाला का नीट?"

नवरा म्हणतो, तू उगाच जिवाला लावून घेतलंस. न दिसणाऱ्या माणसानं दहावीच्या गुणांवर सह्या करायच्या, हे तरी बरोबर होतं का? नसेल. तो मुद्दा मला कळतो, आणि कुणाशी वाद घालायचा असला तर मीही तोच मांडेन. पण मी त्या दिवशी डोंगरात गेले ती पोरांच्या गुणांची काळजी घेऊन गेले नव्हते. माझा नियम मोडला गेला म्हणून गेले होते. ती स्टाफरूम मला दिसते तेव्हा बरोबर-चूक काही दिसत नाही. तिरकी झालेली मान दिसते.

सर सुटले. शाळेनं निरोपाचा कार्यक्रम केला, वहिनींनी रजा घेतली, मला बोलावणं होतं आणि मी गेले नाही. नवे मुख्याध्यापक आले. थोरला पुन्हा उभा राहिला, आणि आता दोघांच्या नोंदी तंतोतंत जुळतात. सुटलेल्या माणसाचं खातं बंद करायचं असतं. ते मी पुढं ढकलत राहिले. रोजच्या कामांच्या यादीत ते नाव समोर यायचं आणि मी खालच्या कामाकडे वळायचे.

वहिनी नोकरीत आहेत. त्यांचं टेबल तिथंच आहे. सकाळी येतात, पदर खोचून बसतात, आणि फोन पर्समध्येच असतो. आता आम्ही त्यांना छळत नाही. सर दिवसभर घरीच असतात, घर ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बोलायचं ते घरी बोलून होत असणार.

परवा दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. चहा नव्हता हातात.

"यांचा मेल बंद केला का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं. "करायचाय."

"कर बाई. माझ्या मेलखाली दिसत ऱ्हातो. रोज सकाळी हात तिकडंच जातो."

मी मान हलवली. खातं उघडलं, बंद करायच्या पानापर्यंत गेले आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, एकदा बघून घेता का? काही राहिलं असेल कामाचं."

मी उठले आणि त्या माझ्या खुर्चीत बसल्या. सरांचा मेल उघडला. न वाचलेली रांग समोर आली, आता कामाचं कुणी पाठवत नव्हतं, नुसत्या जाहिराती. वहिनींनी सर्वात वरचा उघडला. त्यांचा डावा हात उचलला गेला आणि कानापाशी जाऊन थांबला. हातात फोन नव्हता. हळू आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. कसल्याशा ठिबक सिंचनाच्या सामानाची जाहिरात होती, कुठल्या पाइपवर किती सूट. त्यांनी ती स्वल्पविरामांसकट, सावकाश, कुणीतरी पलीकडे ऐकतंय अशी वाचली आणि शेवटी थांबल्या. पुढं काय लिहायचं ते कुणी सांगेल म्हणून थांबल्यासारख्या.

मग त्यांना मी दिसले. हात खाली आला.

"कर बंद," त्या म्हणाल्या, आणि उठून आपल्या टेबलाकडे गेल्या.

मी खुर्चीत बसले. खुर्ची अजून ऊबदार होती. मशिनीनं विचारलं, नक्की का? मी 'हो' दाबलं. आधी थोरल्यावरून नाव गेलं, मग धाकट्यावरून.